काडीवर गुंडाळले ते सगळेच डीएनए नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे विज्ञान प्रदर्शनांचे दिवस. सातारा जिल्ह्यात याच सुमारास महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी बाजारात उतरते, त्यामुळे एक प्रयोग हटकून मांडलेला असतो. स्ट्रॉबेरी कुस्करायची, भांडी घासायचे लिक्विड आणि मीठ घालायचे, गाळायचे, वरून गार स्पिरिट सोडायचे आणि तरंगून आलेला पांढरा गोळा काडीवर गुंडाळून परीक्षकांना दाखवायचा. मग वर्तमानपत्रात फोटो येतो, खाली ओळ असते : ‘विद्यार्थ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला डीएनए’. प्रयोग चांगला आहे, स्वस्त आहे, अर्ध्या तासात होतो. आमची तक्रार आहे ती फोटोखालच्या ओळीबद्दल, आणि त्या ओळीपाशीच थांबणाऱ्या शिकवण्याबद्दल. काडीवरच्या गोळ्यात डीएनए असतो हे खरे, पण त्या गोळ्यातला तो सर्वांत धाकटा भागीदार असतो.

हिशेब मांडून पाहू. पिकलेल्या स्ट्रॉबेरीच्या गरातली पेशी लांबी, रुंदी, उंचीला ५० मायक्रोमीटर धरू. प्रत्यक्षात बऱ्याच पेशी याहून मोठ्या असतात, म्हणजे हा हिशेब डीएनएच्या बाजूने उदारच आहे. एका ग्रॅम गरात अशा सुमारे ८० लाख पेशी बसतील. एका पेशीच्या केंद्रकातला डीएनए साधारण १.७ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग). म्हणजे ग्रॅममागे १४ मायक्रोग्रॅम, आणि तीन मध्यम फळांच्या ५० ग्रॅम गरातून, एकही रेणू वाया गेला नाही तरी, ०.७ मिलिग्रॅम. खसखशीच्या दोन दाण्यांचे वजन. ओला डीएनए पाणी धरून फुगतो, त्यामुळे तो वजनापेक्षा बराच मोठा दिसतो हेही खरे. पण त्याच ५० ग्रॅम गरात पाव ग्रॅमच्या आसपास पेक्टिन, म्हणजे पेशीभित्तिकांतला डिंकासारखा पदार्थ, असते, डीएनएच्या काहीशे पट. आणि पेक्टिनही अल्कोहोल लागताच पांढरे, बुळबुळीत होऊन साकळते. जॅम-जेली करणारे फळाच्या रसात पेक्टिन पुरेसे आहे का हे बघायला हेच करतात : चमचाभर गाळलेल्या रसात दोन चमचे स्पिरिट घालायचे आणि गुठळी किती घट्ट येते ते पाहायचे. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर ज्या कृतीला पेक्टिनची चाचणी म्हणतात, तिलाच प्रदर्शनाच्या मंडपात डीएनएचे दर्शन म्हणायचे, हे काही बरे नाही.

याच प्रयोगाच्या फलकावर आणखी एक वाक्य असते : ‘स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून तिच्यात भरपूर डीएनए मिळतो.’ आठ संच आहेत, ५६ गुणसूत्रे आहेत, हे बरोबर. पण प्रत्येक संच इटुकला आहे. आठही मिळून एका पेशीत डीएनएच्या शिडीच्या सुमारे १६० कोटी पायऱ्या, म्हणजे जोड्या, होतात. माणसाच्या पेशीत दोनच संच, तरी ६०० कोटींहून जास्त जोड्या. फलटणच्या कांद्याच्या पेशीतही दोनच संच, गुणसूत्रे अवघी १६, आणि जोड्या तीन हजार कोटींच्या पुढे. संच किती यावरून डीएनए किती हे ठरत नाही. स्ट्रॉबेरी सोयीची आहे ती वेगळ्याच कारणाने : पिकताना तिची स्वतःचीच विकरे (एन्झाइम) पेशीभित्तिका सैल करतात, त्यामुळे ती बोटांनी कुस्करता येते.

आता हा प्रयोग मुळात का जमतो, ते केंद्रकाम्लांच्या रचनेतूनच उलगडते, आणि तेच मुलांना सांगितले जात नाही. डीएनएची एक कडी म्हणजे एक फॉस्फेट, एक डीऑक्सिरायबोज शर्करा आणि एक नत्रयुक्त रेणू. तो ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन यांपैकी एक. फॉस्फेट-शर्करा-फॉस्फेट-शर्करा असे दोन धागे एकमेकांभोवती पीळ घेत बाहेरून, नत्रयुक्त रेणू आत एकमेकांकडे तोंड करून, समोरासमोरच्या दोघांची एक जोडी. प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार. म्हणजे हा रेणू लांबच्या लांब ऋणभारांची माळ आहे, पाण्याला ती आवडते, म्हणून डीएनए पाण्यात विरघळून अदृश्य राहतो. पेशीत ही माळ हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेली असते. हिस्टोन धनभारित, आठ हिस्टोनांच्या एका रिळावर १४७ जोड्या, जेमतेम पावणेदोन वेढे. माणसाच्या पेशीतला दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो तो अशा कोट्यवधी रिळांमुळे.

लिक्विड घालतो ते पेशीचे आणि केंद्रकाचे पटल मोडायला. पटल हे मेदाचे दुपदरी असते, आणि खरकट्या कढईची चरबी जशी सुटते तसेच ते सुटते. मीठ दोन कामे करते. सोडियमचे धनभार हिस्टोनांची फॉस्फेटवरची पकड ढिली करतात, आणि पुढे तेच सोडियम फॉस्फेटच्या शेजारी बसून ऋणभार झाकतात. पण पाणी आहे तोवर ही जोडी पक्की जमत नाही, कारण पाणी विरुद्ध भारांना एकमेकांपासून फार चांगले तोडून ठेवते. अल्कोहोलची ही ताकद पाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच आहे. अल्कोहोल वाढले की सोडियम फॉस्फेटला चिकटते, माळ भारहीन होते, पाण्याला नकोशी होते आणि धागे एकमेकांना बिलगून बाहेर पडतात. दिसतो तो एक रेणू नव्हे. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. काडीवरचा बारीकातला बारीक तंतूही असंख्य रेणूंचा सुंभ आहे. तो पाहून ‘दुहेरी पीळ दिसला’ असे लिहिणे म्हणजे दुरून उसाचा फड पाहून पानावरची शीर दिसली म्हणण्यासारखे आहे.

कृतीची प्रमाणे फलकावर असतात ती बरीचशी अंदाजपंचे, म्हणून नेमकी देतो. १२० मिली पाणी, १० मिली भांड्यांचे लिक्विड, ६ ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा मीठ. आयोडीनयुक्त चालते, आयोडीन इतके कमी असते की काही बिघडत नाही. फेस न काढता ढवळावे. यातले ३० मिली मिश्रण तीन फळांना पुरते. फळांची हिरवी देठटोपी काढावी, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून दोन मिनिटे बोटांनी चुरावे, मिश्रण घालून आणखी एक मिनिट हलक्या हाताने. आदल्या रात्री फळे फ्रीजरमध्ये ठेवली तर उत्तम, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडून ठेवतात. मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. चोथा पिळू नये, पिळला की पेक्टिन आणि तंतू खाली येतात. गाळलेला रस परीक्षानळीत एकतृतीयांशापेक्षा जास्त नको. नळी तिरपी धरून गार अल्कोहोल काचेच्या कडेने सोडावे, म्हणजे वर वेगळा थर राहतो. पाच ते दहा मिनिटे नळीला हात लावू नये. काडी दोन थरांच्या सीमेवर एकाच दिशेने फिरवावी.

सगळ्यात जास्त घोटाळा अल्कोहोलचा होतो. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच रसात ते मिसळले की ३५ टक्के उरते, आणि डीएनए खाली येतच नाही. जेलच्या सॅनिटायझरमध्ये घट्टपणासाठी घातलेला पदार्थच पांढरा होतो आणि मुले तोच गुंडाळतात. मेडिकलमध्ये मिळणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर रसाइतकेच घ्यावे. इथेनॉलचे स्पिरिट असेल तर रसाच्या दुप्पट लागते. काही स्पिरिटांत तेलकट पदार्थ मिसळलेले असतात आणि नुसते पाणी लागले तरी ती दुधाळ होतात. म्हणून आधी चमचाभर साध्या पाण्यात घालून पाहावे. पाणी पांढरे झाले तर ते स्पिरिट जखमेवर लावायला ठेवावे. गार करण्यासाठी घरच्या फ्रीजरपेक्षा बर्फ आणि खडेमीठ बरे. शाळेत बर्फाच्या तीन वाट्यांना एक वाटी खडेमीठ घातले की बाटली शून्याच्या बरीच खाली जाते, आणि ज्वालाग्राही वाफ फ्रीजच्या ठिणगीजवळ साठण्याचा प्रश्न येत नाही. आयसोप्रोपिलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. स्टॉलवर शेजारी स्पिरिटचा दिवा किंवा ज्वालामुखीचे मॉडेल नसावे, एवढे तरी संयोजकांनी पाहावे.

बाकीच्या चुका लवकर सांगता येतील. मीठ मुठीने घातले तर अल्कोहोलमध्ये मीठच पांढऱ्या दाण्यांनी खाली बसते. दाणे तळाला जातात, डीएनए सीमेवर तरंगतो, एवढ्यावरून ओळखावे. मीठ विसरले तर नुसता गढूळपणा येतो. मिक्सरमध्ये दहा सेकंदांच्या वर फिरवले तर लांब धागे तुटून बारीक चुरा होतो, जो गुंडाळला जात नाही. कंडिशनर मिसळलेला शाम्पू वापरू नये, त्यातले धनभारित रेणू डीएनएलाच चिकटून बसतात. रस तासभर तसाच ठेवला तर पेशीतली डीएनए कापणारी विकरे आपले काम करतात. कांदा किंवा फ्लॉवर घेतल्यास मिश्रण ६० अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून लगेच बर्फात घालावे, म्हणजे ही विकरे थंडावतात. ८०-९० अंशांवर नेले तर दोन धागे एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मामला बिघडतो.

पण खरी उणीव प्रमाणांची नाही, तुलनेच्या नळ्यांची आहे. एकच नळी दाखवली तर काहीच सिद्ध होत नाही. शेजारी तीन नळ्या हव्यात : एक लिक्विडशिवाय, एक मिठाशिवाय, आणि एक उकडलेल्या पेरूच्या किंवा संत्र्याच्या सालीच्या गाळलेल्या पाण्याची. तिसरीत, उकळून उकळून डीएनएचे तुकडे झालेल्या पाण्यातही, अल्कोहोल घातल्यावर झकास पांढरा गोळा येतो. तो शेजारी ठेवला की मुलांना आपोआप प्रश्न पडतो, आणि हा प्रश्न पडणे हेच प्रदर्शनाचे फळ. पुष्कळ शिक्षक गोळ्यावर मिथिलिन ब्ल्यू टाकून ‘निळा झाला, म्हणजे डीएनए’ म्हणतात. मिथिलिन ब्ल्यू धनभारित रंग आहे, तो कुठल्याही ऋणभारित गोष्टीला धरतो, आणि पेक्टिनही ऋणभारित आहे. निळ्या रंगाने काहीच ठरले नाही.

ठरवायचे असेल तर महाविद्यालयात डायफेनिलअमाइनची चाचणी करावी. हे द्रावण ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात केलेले असते. गोळ्याच्या द्रावणात घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले की डीऑक्सिरायबोजमुळे निळा रंग येतो. पेक्टिनला हा निळा येत नाही, आरएनए या डीएनएच्या भाऊबंद केंद्रकाम्लालाही नाही. शाळेच्या टेबलावर हे काम करू नये, आम्ले गंभीर आहेत. स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) असेल तर २६० आणि २८० नॅनोमीटरवर शोषण मोजावे. गुणोत्तर १.८ च्या आसपास म्हणजे प्रथिने फारशी नाहीत. पण २६० वर आरएनएही तितकेच शोषतो, त्यामुळे आकडा मोठा आला म्हणून डीएनए भरपूर मिळाला असे होत नाही. त्यासाठी एक टक्का अगारोजच्या जेलवर चालवून पाहावे : डीएनएचा जड पट्टा वर, नमुना भरतो त्या खाचेजवळ अडकतो, आरएनएचा धूसर पसारा खाली पळतो.

शाळेसाठी स्ट्रॉबेरीहून प्रामाणिक पदार्थ म्हणजे फ्लॉवर. गड्ड्यावरचा फक्त वरचा दाणेदार थर सुरीने खरवडून घ्यावा. तिथल्या पेशी लहान, विभाजन चालू असलेल्या, आणि केंद्रकाने बऱ्याचशा भरलेल्या असतात. त्यामुळे ग्रॅममागे डीएनए फळाच्या गराच्या कितीतरी पट. कोंबडीची कलेजी सुचवली जाते. तिच्यात पेक्टिन नाही, पण ग्लायकोजेन ही साठवणीची शर्करा आहे आणि तेही अल्कोहोलमध्ये पांढरे होऊन बसते. महाविद्यालयांना सर्वांत चांगले म्हणजे कोंबडीचे रक्त. पक्ष्यांच्या लाल पेशींना केंद्रक असते. आपल्या लाल पेशींना ते नसते, आणि म्हणून ‘रक्तातून डीएनए काढला’ असे बातमीत येते तेव्हा तो पांढऱ्या पेशींतून काढलेला असतो. सांगली-तासगावकडच्या विद्यार्थ्यांनी द्राक्षाची पाने किंवा हळदीचे कंद घेतले तर गाळ तपकिरी पडतो. त्यातले पॉलिफेनॉल हवेने काळवंडून डीएनएला चिकटतात, आणि असा डीएनए पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीला, दाद देत नाही. त्यावर उपाय म्हणजे सीटॅब या साबणासारख्या रसायनाचे द्रावण, १.४ मोलर मीठ, आणि पॉलिफेनॉल शोषून घ्यायला पीव्हीपी. थंडीच्या सकाळी सीटॅबच बाटलीत साकळलेले दिसते. ते कोमट करून मगच वापरावे, नाहीतर पहिल्याच पायरीला प्रयोग संपतो.

या सगळ्यात आरएनएचे नावही कोणी घेत नाही. वास्तविक बहुतेक पेशींत डीएनएपेक्षा आरएनएच जास्त असतो, आणि काडीवरच्या गोळ्यातही तो असतो. रचनेतला फरक दोन ठिकाणी : थायमिनऐवजी युरॅसिल, आणि शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर एक जादा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट). हा एवढासा हायड्रॉक्सिल शेजारच्याच फॉस्फेट-बंधावर चाल करून साखळी तोडतो, म्हणून आरएनए अल्पायुषी आणि डीएनए चिवट. अल्कलीत आरएनएचा चुरा होतो, डीएनएचे दोन धागे सुटतात पण साखळी टिकते. शिवाय आरएनए कापणारी विकरे बोटांच्या त्वचेवरही असतात आणि उकळूनही पुरती नष्ट होत नाहीत, म्हणून आरएनएचे काम हातमोज्यांशिवाय होत नाही.

हे अल्पायुष्य ही उणीव नाही, तीच त्याची उपयुक्तता आहे. तलाठ्याच्या दफ्तरातला सातबारा कोणी घरी नेत नाही. नक्कल मिळते, ती बँकेत लावायची, काम झाले की तिची किंमत संपते. पेशीतही डीएनए केंद्रकात राहतो, हवा तो उतारा आरएनएच्या रूपाने बाहेर जातो. पाठ्यपुस्तकात याला प्रतिलेखन म्हटले आहे. जिवाणूंत ही नक्कल काही मिनिटे टिकते, माणसात काही तास, आणि म्हणूनच पेशीला एखादे प्रथिन बनवणे वेळेवर थांबवता येते. नक्कल कायमची टिकली असती तर जेवणानंतर सुरू झालेले काम उपासालाही चालू राहिले असते. पुढे रायबोझोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते, अक्षर म्हणजे एक नत्रयुक्त रेणू. चार अक्षरांची तीन घरे म्हणजे ६४ शब्द. त्यांतले ६१ शब्द प्रथिनांच्या वीस घटकांसाठी, म्हणजे अमिनो आम्लांसाठी, तीन ‘थांबा’ म्हणायला. हे शब्द उलगडल्याबद्दल १९६८ चे नोबेल मिळालेल्या तिघांत हरगोविंद खुराना होते. सातबाऱ्याची उपमा मात्र इथे संपते. कारण ज्या रायबोझोमवर वाचन चालते, त्यातला अमिनो आम्ले जोडणारा भागही आरएनएचाच आहे. त्या यंत्राची अणुपातळीवरची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे नोबेल व्यंकटरामन रामकृष्णन यांना अन्य दोघांसोबत मिळाले. म्हणजे नक्कलही आरएनए आणि ती वाचणारा कारकूनही आरएनए. ‘आरएनए हा निरोप्या’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य त्यामुळे अपुरे पडते, कारण पेशीतल्या आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोझोमचा असतो, निरोप्या फक्त काही टक्के.

करोनाच्या काळात ‘लस डीएनए बदलते’ असे बरेच बोलले गेले, आणि अजून बोलले जाते. निरोप्या आरएनएच्या लसीचा आरएनए केंद्रकाबाहेरच वाचला जातो आणि तुटून जातो. कोविशिल्डमध्ये तर आरएनए नव्हताच, चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसच्या डीएनएत बसवलेले जनुक होते.

आता प्रतिकृतीविषयी, म्हणजे डीएनएची प्रत कशी निघते त्याविषयी. दोन धागे परस्परपूरक आहेत हे एकदा कळले की प्रतिकृतीचा अर्धा उलगडा झाला. ॲडेनिन थायमिनशी दोन हायड्रोजन बंधांनी, ग्वानिन सायटोसिनशी तीन बंधांनी. एक मोठा रेणू, एक लहान, म्हणून शिडीची रुंदी सगळीकडे सारखी. धागे सुटले की प्रत्येकावर दुसरा नव्याने रचता येतो. उरलेला अर्धा कठीण आहे. नवा धागा एकाच दिशेने वाढवता येतो आणि जुने दोन धागे विरुद्ध दिशांना पळतात, त्यामुळे एक बाजू सलग बनते आणि दुसरी तुकड्या-तुकड्यांनी, माणसात शे-दोनशे अक्षरांच्या. विकर सुमारे लाखात एक अक्षर चुकते, मागे वळून बरेचसे खोडते, आणि नंतरची दुरुस्ती पथके उरलेली चूक अब्जात एक किंवा त्याहून कमी करतात. उरते तिचे काय होते ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसते. हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका ॲडेनिनच्या जागी थायमिन, त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

हे मुलांच्या हाताला कळावे म्हणून मॉडेल मापात करावे. दोन पायऱ्यांमधले अंतर १ सेंटिमीटर घेतले तर शिडीची रुंदी ६ सेंटिमीटर हवी, आणि साडेदहा पायऱ्यांना एक पूर्ण पीळ, म्हणजे प्रत्येक पायरी मागचीपेक्षा ३४ अंश वळवायची. २१ पायऱ्या, दोन पीळ, २१ सेंटिमीटर. पायरीच्या दोन टोकांना नेमक्या समोरासमोर दोऱ्या बांधू नयेत, नाहीतर दोन धाग्यांमधल्या दोन्ही खाचा सारख्या होतात. एका बाजूने कोन १२० अंशांच्या आसपास ठेवला की एक खाच साडेसहा सेंटिमीटरची आणि दुसरी साडेतीनची येते. जनुक चालू-बंद करणारी बरीच प्रथिने त्या रुंद खाचेत बोट घालूनच अक्षरे ओळखतात, पीळ न उलगडता. याच मापाने बीटा ग्लोबिनचे जनुक १६ मीटर, म्हणजे शाळेच्या व्हरांड्याएवढे. त्यातली एक पायरी चुकली की सिकलसेल, हे व्हरांड्यात उभे राहून सांगावे. ई. कोलाय जिवाणूचा सगळा डीएनए ४६ किलोमीटर, साताऱ्याहून निघून कराडच्या थोडे अलीकडे. माणसाचा एक संच ३१ हजार किलोमीटर. जनुक, गुणसूत्र आणि डीएनए हे तीन शब्द बातम्यांत अदलून-बदलून वापरले जातात. हे माप एकदा डोक्यात बसले की तो गोंधळ होत नाही : माणसाचे पहिले गुणसूत्र म्हणजे सुमारे २,५०० किलोमीटरचा एक सलग डीएनए, आणि जनुके म्हणजे त्याच्या वाटेवरचे काही मीटरांचे किंवा काही किलोमीटरांचे पट्टे.

परीक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गोळा किती मोठा यावर गुण देऊ नयेत, कारण मोठा गोळा म्हणजे बहुधा जास्त पेक्टिन. ‘मीठ नसते तर काय झाले असते’ आणि ‘हा डीएनएच आहे हे कशावरून’ हे दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्याला ‘नक्की सांगता येत नाही, त्यात आरएनए आणि पेक्टिनही असेल’ असे उत्तर देणारा विद्यार्थी पहिल्या नंबरचा.

आणि एक विनंती थेट आपल्याला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या पुरवण्यांत डीएनएचे चित्र हमखास असते, आणि पान लावताना ते पुष्कळदा आरशातल्यासारखे उलटे होते. पेशीत नेहमी आढळणारा पीळ उजव्या हाताचा आहे, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. शिडी उभी धरली तर आपल्या बाजूचा धागा डावीकडून उजवीकडे वर चढला पाहिजे. चित्र डोक्यावर उभे केले तरी हे बदलत नाही, त्यामुळे तपासणी सोपी आहे. छापून झाल्यावर चूक लक्षात आली तर वाचकांनी पान उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहावे, तिथून ते बरोबर दिसते.

आपले,
जीवशास्त्राचे दोन शिक्षक, सातारा